हिवाळी जेट: नागपूरच्या मानेवाड्यातल्या नोंदवहीतून

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

पार्सल काल रात्री ट्रॅव्हल्सच्या गाडीनं आलं, आज उघडलं. रिमोटवर उडणारं, ६४ मिलिमीटर पंख्याचं फोमचं जेट, हॉक या ट्रेनर विमानाच्या घडणीचं, वापरलेलं. पंखांचा पसारा ८५ सेंटीमीटर. आधीच्या मालकानं फोनवर सांगितलं होतं, "थोडं ठोकलेलं आहे, पण उडतं." ठोकलेलं आहे हे तर खरं निघालं.

माझं दुकान कूलरच्या मोटारी भरायचं. मार्च ते जून जेवायला फुरसत नसते आणि दिवाळी झाली की दिवसाला एखादा मिक्सर, नाहीतर पाण्याची मोटार. म्हणून असले उद्योग हिवाळ्यातच. ही वहीसुद्धा वाइंडिंगचे टर्न लिहायची आहे, मागची पानं कोरी होती.

फोम ईपीओ आहे. दिसतो थर्माकोलसारखा, दाणे तसेच, पण चिवट. नख दाबलं तर खड्डा हळूहळू परत उठतो आणि फेविक्विक लावलं तर थर्माकोलसारखा विरघळत नाही. नाकाच्या मागे एक जुनी चीर, उजव्या पंखाच्या मुळाशी दुसरी. दोन्हींवर हॉट ग्लूचे ढीग, हलवायानं पाक ओतावा तसे.

वजन हिच्या केकच्या काट्यावर केलं. बॅटरीशिवाय ७९८ ग्रॅम, बॅटरी (चार सेलची, २२०० एमएएच) २४३, एकूण १०४१. चाकं काढून टाकली. इतकी बारीक चाकं मुरमावर चालत नाहीत, अडकून नाक आपटतं. ५८ ग्रॅम गेले. उडायचं वजन ९८३. यापुढे प्रत्येक वेळी वजन लिहायचं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

वायरिंग उघडलं. बॅटरी आणि ईएससीच्या (मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) मधली वायर कुणीतरी फूटभर वाढवलेली, म्हणजे बॅटरी हवी तिथे सरकवता यावी. चुकीची वायर वाढवली. ईएससी करंट सलग ओढत नाही, सेकंदाला हजारो वेळा तोडत-जोडत ओढतो. वायर लांब झाली की प्रत्येक तोडीला व्होल्टेजचा फटका बसतो आणि तो ईएससीवरच्या कॅपॅसिटरला खावा लागतो. कॅपॅसिटर गरम होतो, फुगतो, मग एक दिवस जातो. लांबी हवीच असेल तर मोटारीकडच्या तीन वायरी वाढवायच्या. जादा वायर कापली, एक्सटी ६० कनेक्टर ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं नव्यानं झाळला.

पहिल्यांदा चालवला तर पंखा उलटा फिरला, हवा पुढून आली. थ्री फेजचाच नियम, तिन्हीतल्या कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं.

मग टेबलावर घसरपट्टी करून शेपटीला सामान तोलायचा काटा बांधला. पूर्ण थ्रॉटलला ओढ ९४० ग्रॅम. डीसी क्लॅम्प मीटरवर ४६ अँपिअर, त्या वेळी बॅटरी १४.१ व्होल्ट, म्हणजे ६५० वॅटच्या आसपास. माझ्या दुकानातला अर्धा अश्वशक्तीचा पंप याहून कमी खातो. मोटार ३१५० केव्हीची, म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला तेवढ्या फेऱ्या, बिनलोडाची १४.८ व्होल्टला ४६ हजार. लोडवर ४० हजार धरले तर पात्याचं टोक ताशी ४८० किलोमीटरनं पळतं. कूलरचा पंखा १४०० फेऱ्यांचा. तळहातात मावणाऱ्या पंख्यानं भिंतीवरचं कॅलेंडर उडवलं तेव्हा मी पण दोन पावलं मागे झालो.

वेळेचा हिशोब: बॅटरीतली ८० टक्केच वापरायची. सतत पूर्ण थ्रॉटल दिला तर सव्वादोन मिनिटं. कमी-जास्त करत उडवलं तर साडेतीन. टायमर ३ मिनिटांवर लावला.

२४ नोव्हेंबर, रविवार

सर्व्होंच्या (पट्ट्या हलवणाऱ्या बारक्या मोटारींच्या) दिशा तपासल्या. एलेव्हेटर (शेपटीची पट्टी, नाक वर-खाली करणारी) ८ मिलिमीटर, एलेरॉन (पंखांवरची पट्टी, विमान कलवणारी) ८, एक्स्पो (स्टिक मध्याजवळ मऊ करायचं सेटिंग) ३०. फेलसेफ लावला. ट्रान्समीटर बंद करून पाहिला, पंखा थांबला. हे न पाहता उडवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या विमानांच्या मागे धावलोही आहे.

सीजीची (विमान जिथे तोललं जातं त्या जागेची) खूण पंखाच्या मुळाशी पुढच्या कडेपासून ६२ मिलिमीटरवर. बोटांवर तोललं, बरोबर.

१ डिसेंबर, रविवार

जागा उमरेड रोडची, पाचगावच्या अलीकडची. ले-आउट पडून बरीच वर्षं झाली, आखणीचे दगड आणि मुरमाचे रस्ते आहेत, घर एकही उठलं नाही. तीन बाजूंनी वावरं: एकीकडे तूर, उरलेल्या दोन्हीकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. सोनेगावच्या विमानतळाच्या हद्दीपासून बारा किलोमीटरच्या बाहेर आहे, डिजिटल स्कायच्या (ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलच्या) नकाशावर हिरवं दिसतं. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत जाता येतं, पण मी १५० च्या वर जातच नाही. त्यावर हे विमान चिमणीएवढं होतं आणि तोंड आपल्याकडे की शेपूट, तेच कळत नाही.

सकाळी साडेसात, हवा शून्य, थंडी चांगलीच. बॅटरी जॅकेटच्या आत ठेवून आणल्या. गार लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) लोडखाली लवकर खाली बसते.

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फेकायचं काम त्याच्याकडे, स्टिक माझ्याकडे. मी म्हटलं, "सरळ फेक, भाला फेकतात तसा, वर नको." तो म्हणाला, "हो मामा." आणि फेकलं वर, चांगलं पंचेचाळीस अंशात.

जेटचं इथंच अडतं. नाकावर पंखा असलेल्या विमानात पंख्याची हवा शेपटीवरून जाते, त्यामुळे वेग नसला तरी एलेव्हेटर थोडं ऐकतो. यात हवा नळीतून मागे निघून जाते. शेपटीला वेगाशिवाय काहीच कळत नाही. वर गेलं, थांबल्यासारखं झालं, डावा पंख पडला, नाकावर मुरमात. उड्डाण तीन सेकंदांचं.

नाक दोन सेंटीमीटर आत गेलं, समोरची जुनी चीर उघडली. भाचा काहीच बोलला नाही. मीही नाही, म्हणजे गाडीत बसेपर्यंत.

४ डिसेंबर, बुधवार

नाकाची दुरुस्ती. पातेल्यात पाणी उकळलं, गॅस बंद केला, नाक त्यात उलटं बुडवलं. पंधरा-वीस सेकंदांत दाणे हलायला लागतात. चेपलेला प्रत्येक दाणा आतल्या हवेनं फुगतो, साबुदाणा भिजल्यावर फुगतो तसा, आणि शेजारच्याला ढकलत मूळ जागेवर येतो. बाहेर काढलं तेव्हा नाक नाकासारखं झालं होतं. कातडी मात्र संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत राहिली, ती पुन्हा गुळगुळीत होत नाही. जास्त वेळ बुडवलं तर दाणे फुगून गाठी येतात, एका ठिकाणी आल्याच.

चीर पाच मिनिटांच्या इपॉक्सीनं भरली. जरा जास्तच भरली. वजन १००५. हात सैल सुटला की काटा लगेच चुगली करतो.

८ डिसेंबर, रविवार

नाकात २२ ग्रॅम वाढलेत म्हणून ते जड. बॅटरी दोन सेंटीमीटर मागे सरकवली, सीजी पुन्हा ६२ वर. वेल्क्रोवर मार्करनं नवी रेघ मारली.

भाच्यानं या वेळी धावत येऊन खांद्याच्या उंचीवरून सपाट सोडलं. एक हात खाली बसलं, गवताला लागतंय असं वाटलं आणि मग पकडलं. पकडलं म्हणजे कसं, ते आवाजात कळतं. जमिनीवर चिरका वाटणारा पंखा हवेत मऊ होतो, नळीत हवा आयती घुसायला लागते. दोन फेऱ्या फक्त ट्रिम करण्यात गेल्या, तिसऱ्या फेरीत पूर्ण थ्रॉटलनं डोक्यावरून काढलं. भाचा ओरडला, "ओ काट!" पतंग कापल्यासारखा. मला हसू आलं, स्टिक हलली, विमान हललं.

उतरताना थ्रॉटल पूर्ण तोडायचा नाही. एकदा पंखा मंदावला की परत वेग घ्यायला सेकंदभर लागतो आणि तेवढा सेकंद नसतो. पाव थ्रॉटल ठेवून गवतावर पोटानं घसरवलं. २ मिनिटं ५० सेकंद. बॅटरी हाताला कोमट. तीन उड्डाणं झाली, तिन्ही चांगली.

१५ डिसेंबर, रविवार

आज विमान घरीच. राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी, उद्यापासून हिवाळी अधिवेशन, शहरात चौकाचौकात पोलीस. या आठवड्यात डिकीत विमानाच्या आकाराची वस्तू घेऊन फिरायची आणि नाक्यावर समजावत बसायची माझी इच्छा नाही.

म्हणून रंगकाम काढलं. भाच्यानं वायुसेनानगरच्या एअर फेस्टमध्ये सूर्यकिरणची विमानं पाहिली होती, तीही हॉकच. लाल-पांढराच पाहिजे असा त्याचा हट्ट. स्प्रेचा डबा लांबच ठेवला, त्यातला सॉल्व्हंट फोमला कधी खातो, कधी नाही, पाहायची गरज नाही. पाण्याचा अ‍ॅक्रिलिक ब्रशनं, दोन हात. शेपटी आणि मागचं धड लाल, पंखांची टोकं लाल, नाक पांढरंच ठेवलं कारण ते आधीच पांढरं होतं. ३८ ग्रॅम. १०४३.

सुंदर दिसतंय. हे लिहून ठेवतो, कारण पुढचं पान वेगळं आहे.

२२ डिसेंबर, रविवार

गेलं.

भाच्यानं बारका कॅमेरा आणला होता, काडेपेटीएवढा. शेपटीच्या मुळाशी टेपनं बसवला, तोंड पुढे. काट्यावर २१ ग्रॅम, एकूण १०६४. मी हिशोब केला: मूळच्या ९८३ पेक्षा आठ टक्के जास्त. स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान उचलत नाहीत) वजनाच्या वर्गमुळानं वाढतो, म्हणजे चार टक्के. चार टक्क्यांनी काय होतं, असं मीच म्हटलं आणि मीच फेकायला सांगितलं.

सुटल्या सुटल्या नाक वर. मी खाली दाबलं तर जास्तच खाली आलं. वर-खाली, वर-खाली, म्हशीनं दावं ओढावं तसं. पहिली फेरी कशीबशी काढली. दुसऱ्या वळणावर जरा ओढलं, तर डावा पंख असा गेला की मला वळण वाटलंच नाही, कुणीतरी फेकून दिल्यासारखं झालं. अर्धी गिरकी, साठेक फुटांवरून उभं पऱ्हाटीत.

वावरात कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून विचारलं तर एक मावशी म्हणाली, "या ना भाऊ, पण झाडं मोडू नका." आम्ही ओळीओळीनं शोधत होतो, तोवर तिनंच हाक मारली. ओटीतल्या कापसावर विमानाचं नाक ठेवून आणलं होतं. "हे तुमचंच होय का? आम्हाले वाटलं घारच पडली." नाकाला कापसाचा धागा चिकटलेला होता, पऱ्हाटीची एक काडी कॉकपिटमधून आरपार.

धड पंखाच्या मागे तुटलं. डाव्या पंखाचं टोक चुरा. बॅटरीचा एक कोपरा चेपला. ती तिथेच मोकळ्या मुरमावर तासभर ठेवली, दुरून पाहत बसलो, फुगली नाही. घरी आणली नाही तरी. चेपलेली लायपो घरात ठेवत नसतात.

२४ डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस भाच्याचं एकच पालुपद: "मामा, सिग्नल गेला असंल." मला बीईसीवर (ईएससीतला, रिसीव्हर आणि सर्व्होंना ५ व्होल्ट देणारा भाग) शंका. चारही सर्व्हो एकदम ओढले की रिसीव्हरचा व्होल्टेज खाली जातो आणि रिसीव्हर क्षणभर झोपतो, हे होतं. ईएससी शाबूत होता, म्हणून रिसीव्हरला मीटर लावून दोन्ही स्टिक वेड्यासारख्या हलवल्या. ५.० चा ४.९ झाला. बास, त्याच्या खाली नाही. बीईसी सुटली.

मग कॅमेरा. कार्ड वाचलं, फाइल शेवटपर्यंत आहे. डावा पंख पडतो त्याच क्षणी उजवा एलेरॉन पूर्ण वर जाताना दिसतो, म्हणजे मी उलटी स्टिक मारली आणि ती पोचली. आवाजात पंखाही पूर्ण चालू. सिग्नल होता, ताकद होती. विमान ऐकत नव्हतं.

म्हणून सगळे तुकडे टेपनं जोडले, चेपलेल्या बॅटरीच्या जागी तेवढ्याच वजनाची दुसरी त्याच रेघेवर ठेवली, कॅमेरा लावला, बोटांवर घेतलं. शेपूट खाली. बोटं मागे नेत गेलो, तोललं तेव्हा मोजलं: ७१ मिलिमीटर. ६२ च्या जागी ७१.

कागदावर मांडलं. कॅमेरा २१ ग्रॅम, सीजीच्या मागे ३० सेंटीमीटरवर: ६३०. भागिले १०६४, म्हणजे जवळजवळ ६ मिलिमीटर मागे. रंग ३८ ग्रॅम, सरासरी आठ सेंटीमीटर मागे, कारण लाल सगळा शेपटीकडे: आणखी ३. बेरीज ९. मोजलेलंही ९.

आणि बॅटरी मी आठ तारखेला मागे सरकवलेलीच होती, तेव्हाच्या जड नाकासाठी. तेव्हा बरोबर होतं. नंतर मागे रंग चढला, कॅमेरा चढला, रेघ मात्र तीच, आणि रेघेवर माझा विश्वास. दर आठवड्याला काट्यावर ठेवून आकडा लिहीत होतो, म्हणून वाटत होतं सगळं माहीत आहे. काटा किती ते सांगतो. कुठे, ते त्याला विचारलंच नव्हतं, विचारून सांगताही आलं नसतं. कूलरच्या पंख्यात हे मला रोज कळतं: दोन पंख्यांचं वजन सारखं असलं तरी एक थरथरतो.

भाच्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझ्या कॅमेऱ्यानं पाडलं." मी म्हटलं, सहा मिलिमीटर तुझे, तीन माझ्या रंगाचे, आणि बोटांवर न तोलता फेकायला सांगणारा मीच.

२८ डिसेंबर, शनिवार

जुना हॉट ग्लू काढला. ओढून काढला तर दाण्यांची कातडी सोबत येते. मेडिकलमधून स्पिरिट आणलं, बारीक ब्रशनं कडेला सोडलं. स्पिरिट ग्लू आणि फोमच्या मधे शिरतं आणि मिनिटभरात पकड सुटते. चिमट्यानं धरून पूर्ण ढेकूळ अखंड उचलता येतं, पुरणपोळी तव्यावरून सुटावी तसं. अशी अकरा ढेकळं निघाली. काट्यावर सगळी मिळून ४१ ग्रॅम. आधीच्या मालकानं विमानात इतकं फुकटचं वजन भरून ठेवलं होतं.

शेपटीचा रंगही ओल्या सॅन्डपेपरनं घासून पातळ केला, ९ ग्रॅम गेले. हे करताना भाचा नव्हता, बरं झालं.

३१ डिसेंबर, मंगळवार

धडाच्या मोडीला आधार हवा होता. कार्बनची काडी मागवली तर आठ दिवस. जुनी शुक्रवारीला गेलो, पतंगवाल्यांचा ऐन सीझन. एकाकडून तासलेल्या बांबूच्या कामट्या घेतल्या. त्यानं विचारलं, "केवढा पतंग?" मी म्हटलं, साडेसातशे ग्रॅमचा. तो पुढे काही बोलला नाही, पैसे मात्र बरोबर मोजून घेतले.

धडाच्या दोन्ही बाजूंना ब्लेडनं खोबण, त्यात कामटी उभी, वरून इपॉक्सीचा पातळ हात, पुठ्ठ्याच्या तुकड्यानं निपटलेला. उभी ठेवली की वाकत नाही, आडवी ठेवली की लवते, हे पतंगवाल्याच्या पोराला पण माहीत असतं. पंखाचं टोक जुन्या पॅकिंगच्या फोममधून कापून जोडलं. बॅटरी नवी घेतली, तीही २४३ ची निघाली. गोंद, कामट्या, टोक मिळून १९. एकूण १०१२.

आणि सीजीचा स्टँड केला: कूलरच्या जुन्या स्टँडचे दोन अँगल, वर दोन बोल्ट, बोल्टवर रबर. आता बोटांवर भरवसा नाही. बॅटरी पहिल्या जागी आली, जुनी रेघ खोडली.

५ जानेवारी २०२५, रविवार

स्टँडवर ६२. गाडीतून उतरल्यावर, बॅटरी लावल्यावर, पुन्हा ६२.

उडलं. सपाट, शांत. वळणावर ओढून पाहिलं, मुद्दाम, उंचावर. नाक जरा जड होऊन खाली येतं, पंख पडत नाही. चार उड्डाणं. तूर पिवळी पडली आहे, पुढच्या आठवड्यात कापणीला येईल. मावशी दिसल्या नाहीत.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत, आज कर, दुकान बंद. नव्या बॅटरीवर ओढ मोजावी म्हणून गच्चीवर टेबल मांडलं. गच्चीवर काय होतं ते पाहिलं नाही. पाहिलं म्हणजे, दोन फाटके पतंग पाहिले आणि उचलले.

अर्ध्या थ्रॉटलला आवाज बदलला. शिट्टी, मग खरखर, मग ठप्प. ईएससीनं स्वतःच मोटार तोडली, तरी वास आलाच. मोटारवाल्याला तो वास झोपेतसुद्धा कळतो.

नळीतून हिरवा मांजा लोंबत होता. नायलॉनचा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच बंदी घातलेला. काल आमच्या गल्लीत प्रत्येक दुसऱ्या चक्रीवर तोच होता, आणि ही गोष्ट कुणालाच माहीत नाही असं सगळे वागत होते. सुती मांजा असता तर तुटला असता. हा तुटत नाही. पंख्यानं आधी पुढून ओढला, मग मागच्या मोकळ्या जागेत, पंखा आणि मोटार यांच्या मधल्या शाफ्टवर गुंडाळला.

पंखा उतरवला. शाफ्टवर मांज्याचं कडं झालं होतं, घर्षणानं वितळून एकजीव, हिरव्या काचेच्या बांगडीसारखं. भिंग लावून ब्लेडनं आडवा काप दिला, सुईनं उचललं. खाली दुसरा थर, त्याच्या खाली बेअरिंगची पत्री ओढली गेलेली आणि मांज्याचं टोक आत, गोळ्यांच्या मधे. शाफ्ट हातानं फिरवला तर वाळूतून फिरतोय असं वाटलं. बारा पात्यांपैकी दोघांचे कोपरे उडालेले.

वाइंडिंग वाचलं. तिन्ही फेजचा रेझिस्टन्स सारखा, बॉडीला शॉर्ट नाही. तो वास इनॅमलचा नव्हता, नायलॉनचा होता. हे लिहिताना बरं वाटतंय.

खाली आलो तर ही म्हणाली, "गळा नाही चिरला कुणाचा, यातच मिळवलं." बरोबर बोलली. पोरांना बोलावून गच्ची झाडून घेतली, मूठभर नाही, खोकंभर निघाला. कात्रीनं बोटाएवढे तुकडे करूनच कचऱ्यात टाकला, नाहीतर पाखरांच्या पायात जातो.

२४ जानेवारी, शुक्रवार

बेअरिंग व्हर्नियरनं मोजून आणलं, बसवलं. हे माझं रोजचं काम, यात लिहिण्यासारखं काही नाही.

पंख्याची पाती नवी आली. न तोलता बसवणार नव्हतो. हिशोब असा: चाळीस हजार फेऱ्यांना, मध्यापासून तीन सेंटीमीटरवर एक दशांश ग्रॅमचा जरी फरक असला, तरी बाहेर ओढणारा जोर पाच किलोच्या वर जातो. एक दशांश ग्रॅम म्हणजे तांदळाचे चार-पाच दाणे. कूलरमध्ये एवढा फरक कुणाला ऐकूही येत नाही.

दोन ब्लेडं समांतर उभी केली, पात्याच्या मधून सरळ दांडी घालून वर ठेवली. जड बाजू हळूच खाली येऊन थांबते. समोरच्या बाजूला आतून सेलोटेपचा तुकडा. पुन्हा सोडायचं. तुकडा कात्रीनं निम्मा. पुन्हा. दीड तास गेला, शेवटी कुठेही सोडलं तरी तिथेच थांबलं. टेपवर फेविक्विकचा एक थेंब.

चालवलं. आधीची ती किरकिर, जी मला जेटचा आवाजच वाटत होती, ती गेली. ओढ ९५५.

२ फेब्रुवारी, रविवार

गेल्या रविवारी सव्वीस जानेवारी होती, गेलो नाही. आज पाच उड्डाणं. वजन १०१२, स्टँडवर ६२, फेकण्याआधी गुडघ्यावर बसून इनटेकसमोरचं गवत हातानं चाचपलं. भाचा म्हणतो, मामा पूजा करून राहिले. तूर कापून झाली, वावर मोकळं, उतरायला जागाच जागा.

१६ फेब्रुवारी, रविवार

सहा उड्डाणं. कॅमेरा लावला, या वेळी सीजीच्या बरोबर वर, पाठीवर. स्टँड ६२ वरून हलला नाही. चित्रफितीत मुरमाचा रस्ता, आखणीचे दगड, धुऱ्यावरचं बाभळीचं झाड आणि एकदा आम्ही दोघं दिसतो, दोघांचीही तोंडं उघडी.

दहा वाजता ऊन लागायला लागलं. उतरल्यावर बॅटरी कोमटऐवजी गरम.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बॅटऱ्या सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवल्या. भरलेल्या ठेवल्या तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात फुगतात. विमान माळ्यावर नको, वर पत्रा तापतो. गाडीच्या डिकीत तर मुळीच नको, मे महिन्यात तिथे फोमचे दाणे आपोआप फुगायला लागतील, पातेलं न मांडता. आतल्या खोलीत कपाटावर, पंख काढून, शेपटीखाली उशी.

काटा हिला परत दिला. तिनं आधी पुसला, मग १०० ग्रॅमच्या बिस्किटच्या पुड्यावर तपासला.

दुपारी सीझनची पहिली मोटार आली. अठरा इंची पंख्याची, बेअरिंग गेलेलं. उघडून पाहिलं तर मागच्या वर्षी मीच भरलेली.